उनाच्या लॅपटॉपची सार्वत्रिक निवडणूक

"पंधरा मिनिटं!" नेव्हिल स्पूनरने जाहीर केलं. "फार तर सोळा! तुम्ही चहा ठेवा उना, चहा मुरेपर्यंत तुमचा लॅपटॉप नवा कोरा करून देतो!"

हे वाक्य त्याने बुधवारी सकाळी दहा वाजता, उनाच्या स्वयंपाकघरात उच्चारलं. त्यानंतर पाच दिवसांत त्या लॅपटॉपपायी पन्नास सॉसेज, बारा मतपत्रिका, एक मतदान घोटाळा आणि एक इस्त्रीचं टेबल कामी आलं. त्या चहाचं काय झालं ते मात्र आता कोणालाच आठवत नाही.

नेव्हिल एकाहत्तर वर्षांचा. टपाल खात्यात चाळीस वर्षं तारयंत्रं आणि टेलिफोन दुरुस्त करून निवृत्त झालेला. जगातली कुठलीही बिघडलेली वस्तू आपल्याला बघून आपसूक सुधारते असा त्याचा पक्का समज. त्याची बायको जॉय हिचं मत जरा वेगळं होतं, पण ते तिला मांडायला सवडच मिळत नसे, कारण नेव्हिल बोलायचा थांबत नसे. दोन वाक्यांच्या मध्ये जागा सुटली की त्याला घरात गॅस उघडा राहिल्यासारखं वाटायचं.

उना हॅझल त्र्याऐंशी वर्षांच्या. नेव्हिल एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणून खात्यात लागला, तेव्हा तारघरातल्या सगळ्यात वेगवान टंकलेखिका उना होत्या. त्यांचं यंत्र बिघडलं की नेव्हिलला थरथर सुटायची. बावन्न वर्षं झाली, तरी ती पुरती गेलेली नव्हती.

लॅपटॉप उनाच्या नवऱ्याचा, वॉलचा. वॉल फेब्रुवारीत गेला. लॅपटॉपच्या एका कोपऱ्याला त्याने काळी चिकटपट्टी लावली होती, ती अजून तशीच होती. आतली विकतची प्रणाली मात्र आता इतक्या जुन्या यंत्राला ओळख दाखवायला तयार नव्हती. म्हणून नेव्हिल त्यात लिनक्स घालून देणार होता. फुकट, हलकं, आणि नेव्हिलच्या बोलण्याला न संपणारा विषय!

"रविवारी चार वाजता पिपा दिसली पाहिजे," उना म्हणाल्या. पिपा त्यांची नात. पार दक्षिणेला, बर्फातल्या संशोधन तळावर होती ती, आणि दर रविवारी चारला आजीशी, म्हणजे तिच्या नॅनशी, पडद्यावर समोरासमोर बोलायची. "मागच्या खेपेला जॉयच्या मोबाइलवर पाहिलं. माझ्या डोळ्यांना काय दिसणार त्यात? नात नव्हे, शेंगदाणा बोलतोय असं वाटलं."

"या रविवारी पापण्या मोजा तिच्या!"

"सोमवारी ती आत बर्फात जाणार आहे, पेंग्विन मोजायला. सहा आठवडे. तिथून फोन नाही, चित्र नाही, काही नाही." उनांनी कपाचा कान उजवीकडून डावीकडे फिरवला. "सहा आठवडे तुला थोडे वाटत असतील, नेव्हिल."

नेव्हिल गप्प झाला. चांगला दोन सेकंद!

"आणि एक सांगायचं होतं," उना म्हणाल्या, "वॉलने जसं ठेवलं होतं ना, तसंच..."

"उना, लिनक्सची गंमत माहितेय का? आतलं यंत्र एकच, पण वरचा चेहरा हवा तो लावा! बटणं कुठे, यादी कुठे, खिडक्या कशा उघडायच्या, सगळं त्या चेहऱ्यावर. त्याला डेस्कटॉप म्हणतात. पाच-पाच मिळतात!"

"मला एकच पुरे. खाली डावीकडे..."

"तुम्ही काळजीच करू नका!" असं म्हणून नेव्हिलने लॅपटॉप बगलेत मारला आणि तो तडक शेडकडे निघाला.

हूपर्स बे गावात शेड म्हणजे समुद्राकडच्या रस्त्यावरचा मोठा पत्र्याचा हॉल. गावातले निवृत्त पुरुष तिथे जमतात, मोडक्या खुर्च्या जोडतात, चहा पितात आणि मुख्य म्हणजे दिवसभर बायकांच्या पायात येत नाहीत. नेव्हिलने लॅपटॉप सुताराच्या टेबलावर ठेवला आणि आयुष्यातली एक मोठी चूक केली. तो म्हणाला, "मंडळी, उनाला कुठला डेस्कटॉप बरा?"

दहा पुरुषांनी हातातली दहा अवजारं खाली ठेवली.

"ग्नोम! सगळं मोठं मोठं, ठसठशीत!" निवृत्त सुतार म्हणाला.

"ग्नोम? त्यात बटण शोधायला कुत्रा लागतो! प्लाझ्मा घे. हवं ते बदलता येतं."

"तेच तर! माझ्या मेव्हण्याने सहा महिने बदललं. अजून पत्र लिहायला बसलेला नाही."

"सिनॅमन घ्या, गरीब आहे बिचारं."

"माटे चालेल की," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

"एक्सएफसीई," कोस्टास म्हणाला. गावात तीस वर्षं मासे तळून विकलेला हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलायचा. "हलकं. पटकन उठतं. बस."

"दिसायला कसलं ते! बँकेतल्या फॉर्मसारखं!"

अर्ध्या तासात आवाज इतका चढला की पत्र्यावरचे समुद्रपक्षी उडाले. दोघांनी एकमेकांना उसने दिलेले रंधे परत मागितले. तेव्हा ग्रेम पिल्बीम उभा राहिला. ग्रेमने उभी हयात मतदान केंद्राधिकारी म्हणून काढली होती. त्याच्या केंद्रावर पेन्सिलींची टोकंसुद्धा एका उंचीची असत.

"आपण कोण आहोत?" ग्रेमने विचारलं. "रानटी लोक आहोत का? शुक्रवारी मतदान घ्या. पसंतीक्रमाने, एक ते पाच आकडे घालून. गुप्त!"

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. मतदान म्हटलं की सॉसेज आलंच. ते भाजायचं, पावाच्या स्लाइसमध्ये घालायचं, वर कांदा आणि टोमॅटो सॉस. त्याशिवाय या देशात आजवर कोणी निवडून आलेलं नाही.

नेव्हिलने रात्रीत नव्हे, भर दुपारी बसून पाचही डेस्कटॉप त्या एका लॅपटॉपमध्ये भरले. मतदारांना उमेदवार नको का बघायला? आता लॅपटॉप उघडला की तो आधी विचारायचा, "कोण होऊन येऊ?" एकेका कामाला तीन-तीन चिन्हं दिसायला लागली. घड्याळंच दोन झाली, तीही वेगवेगळी वेळ दाखवणारी. गुरुवारी शेडच्या कुंपणावर फलक लागले. 'ग्नोम: डोळ्यांना आराम!' 'प्लाझ्मा: जसं हवं तसं!' एक्सएफसीईचा फलक कोस्टासने माशाच्या खोक्याच्या झाकणावर लिहिला होता. त्यावर फक्त नाव होतं.

"उनाला काय हवंय?" जॉयने जेवताना विचारलं.

"तेच तर ठरवतोय आम्ही!" नेव्हिल म्हणाला.

शुक्रवारी मतदान झालं. ग्रेमने दार लावलं, पेटीचं सील सगळ्यांना दाखवून फोडलं, पत्रिका मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मग चष्मा पुसून पुन्हा मोजल्या.

"मतदार अकरा," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "मतं बारा!"

शेडमध्ये हाहाकार उडाला! ग्रेमने बोट ठेवून मतदार यादी तपासली. अकरा नावांपुढे खूण होती. आणि बाराव्याही नावापुढे होती. वॉल्टर हॅझल.

वॉलचं नाव यादीतून काढायचं काम ग्रेमचंच. फेब्रुवारीपासून तो 'पुढच्या आठवड्यात काढतो' म्हणत होता. कोणी त्याला घाईही केली नव्हती.

"मी मिनिटभर मोरीत गेलो होतो, तेव्हा टेबलावर कोण होतं?" ग्रेमने विचारलं.

"मी," कोस्टास म्हणाला आणि बाहीने डोळे पुसायला लागला. "कांदा तिखट आहे."

बारावी पत्रिका ग्रेमने उजेडात धरली. तिच्यावर एकही आकडा नव्हता. नुसतं ठळक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं, 'उनाला विचारलं का?'

 सुताराने उगाच खिशात हात घातला.  त्याच वेळी उठून दोन गल्ल्या पलीकडे उनाच्या घरी जायला हवं होतं नेव्हिलने. पण निकाल तोंडावर आलेला, आणि तोंडावर आलेला निकाल सोडून उठणारा माणूस अजून जन्मायचाय.

"आकडे नाहीत," ग्रेम खाकरून म्हणाला. "मत बाद."

मग मोजणी झाली. ग्नोमला तीन, प्लाझ्माला तीन, सिनॅमनला दोन, माटेला दोन. एक्सएफसीईला एकच मत, तेही कोणाचं ते सांगायला नको. एक्सएफसीई बाद झाला, त्याचं मत दुसऱ्या पसंतीच्या माटेकडे गेलं. सिनॅमन बाद झाला, तीही मतं माटेकडे. मग ग्नोम आणि प्लाझ्मा बरोबरीत आले, म्हणून चिठ्ठी टाकली. ग्नोम गेला, आणि जाता जाता आपली तिन्ही मतं प्लाझ्माला मिळू नयेत म्हणून माटेला देऊन गेला. आठ मतं घेऊन माटे विजयी! ज्याची ओढ कोणालाच नव्हती आणि ज्याच्यावर राग कोणाचाच नव्हता, असा तो उमेदवार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे थोडे नाराज होऊन घरी गेले. लोकशाही अगदी व्यवस्थित पार पडली.

नेव्हिल इथे थांबला असता तरी चाललं असतं. शनिवारभर माटे बिनतक्रार चालत होता. पण ग्रेमने जाताना आठवण करून दिली होती, "नियम माहितेय ना? पराभूत उमेदवारांचे फलक लगेच उतरवायचे." नेव्हिलने कुंपणावरचे फलक उतरवले. मग रविवारी दुपारी दोन वाजता त्याला वाटलं, लॅपटॉपमधले चार पराभूतही काढून टाकावेत.

"चालतोय ना तो?" जॉय म्हणाली. "मग हात लावू नकोस."

"अगं, उगाच गर्दी कशाला? उनांचा गोंधळ व्हायचा!"

त्याने चौघांना काढायची आज्ञा दिली. लॅपटॉपने एक भलीमोठी यादी दाखवली. या चौघांबरोबर हे, हे आणि हेही जाईल, चालेल ना? यादी चारशे ओळींची. नेव्हिलने ती वाचली नाही. त्याने 'हो' दाबलं. टपाल खात्यातल्या चाळीस वर्षांत त्याने कुठलं पत्रक वाचून सही केली होती?

चौघं गेले. जाताना दाराची कडी, जिन्याचा कठडा आणि घराची वीज घेऊन गेले! बिनतारी इंटरनेट लावणारा भाग गेला, पडद्यावर चित्र उभं करणारा भाग गेला. विजयी माटेचेही पाय त्यातच कापले गेले. लॅपटॉप परत सुरू केला, तर काळाकुट्ट पडदा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

पाऊण तास नेव्हिल त्या रेघेशी झुंजला. दर आज्ञेत चूक होत होती. पुन्हा पहिल्यापासून लिनक्स भरायचं तर त्याचा पेनड्राइव्ह शेडमध्ये कुलूपबंद. किल्ली ग्रेमकडे. ग्रेम होडी घेऊन समुद्रात!

"तीन वाजले," जॉय म्हणाली. तिने त्याचा कोट पुढे केला. "निदान सांगायला तरी वेळेवर जा."

उनांनी दार उघडलं तेव्हा त्यांनी निळा झगा घातला होता आणि केस बसवले होते. गळ्यात मोत्यांची माळही होती. ती माळ बघून नेव्हिलला रडूच यायला लागलं.

"उना, मी तुमचा लॅपटॉप मारला," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने एका वाक्यात सगळं सांगितलं.

त्यांनी लॅपटॉप घेतला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला, चष्मा लावला. काळा पडदा. लुकलुकती रेघ. त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या!

"हा कुठे मेलाय? हा तर वाट बघतोय. मी काय टंकते त्याची. वीस वर्षं मी अशाच यंत्रापुढे बसले, नेव्हिल. चित्रं मागाहून आली." त्यांनी बोटं मोडली. "याला काय दुखतंय?"

"इंटरनेट नाही. बिनतारी भागच गेला."

"मग तार लाव! बिनतारी काय घेऊन बसलास? तारघरातला ना तू?"

नेव्हिलने कपाळावर हात मारून घेतला. पाऊण तासात हे त्याला सुचलं नव्हतं! वॉलच्या तारांच्या खणात एक तार सापडली, पण तोकडी. मोडेम पडवीवजा बोळात, भिंतीवर. टेबल तिथे मावेना. उनांनी इस्त्रीचं टेबल ओढून आणलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, स्टूल घेतलं आणि ताठ बसल्या.

"तू बोल, मी टंकते. शब्द तोंडात चावू नकोस."

नेव्हिल भिंतीला टेकून आज्ञा सांगत गेला. उनाची बोटं चालली तशी तो एकोणीस वर्षांचा झाला. एक अक्षर चुकलं नाही. तार जुळली, बाहेरच्या जगाशी बोलणं सुरू झालं. घड्याळात तीन छत्तीस.

"आता माटे मागवू," नेव्हिल म्हणाला. लॅपटॉपने ओझं सांगितलं. "बाप रे! तुमच्या लाइनवर चाळीस मिनिटं लागतील!"

"सगळ्यात हलकं कुठलं?"

"एक्सएफसीई. पण तो हरलाय, उना! सगळ्यात आधी हरलाय!"

उनांनी मान वळवून चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

 बुधवारपासून जे विचारायचं राहून गेलं होतं ते नेव्हिलने विचारलं. "उना, तुम्हाला कसा हवाय?"

"खाली डावीकडे एक बटण," उना म्हणाल्या. "अक्षरं मोठी. मागे पिपाचा तो चिखलातल्या बुटांचा फोटो. वॉलने ठेवलं होतं तसं. एवढंच सांगत होते मी."

एवढंच! ते तर पाचांतल्या कुठल्याही डेस्कटॉपवर होण्यासारखं होतं. नेव्हिलला मनातल्या मनात बारा मतपत्रिका, पन्नास सॉसेज आणि ग्रेमचं फोडलेलं सील दिसून गेलं. त्याला इतकी लाज वाटली की तो भिंतीवरच्या वॉलच्या टोपीकडेही बघू शकला नाही.

"एक्सएफसीई," तो पुटपुटला. उनांनी टंकलं. लॅपटॉपने यादी दाखवली, पुढे जाऊ का?

"दाबा, दाबा 'हो'!"

"आधी वाचते," उना म्हणाल्या. "तार परत वाचल्याशिवाय मी कधी पुढे धाडली नाही. तू वाचली होतीस का?"

 उनांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून सगळं वाचलं, आणि मगच 'हो' दाबलं. दोघं इस्त्रीच्या टेबलापाशी बसून पडद्यावरच्या ओळी सरकताना बघत राहिले. नेव्हिलने तोंड उघडलं की उना हात वर करायच्या. बोळात घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

तीन त्रेपन्नला ओळी थांबल्या. तीन सत्तावन्नला पडदा उजळला. खाली डावीकडे बटण ठेवायला नेव्हिलला अर्धं मिनिट लागलं. बरोबर चार वाजता घंटी वाजली आणि अख्ख्या पडद्यावर एक मोठं, लालबुंद, थंडीने सोललेलं नाक आलं. त्याच्या मागोमाग पिपा आली.

"नॅन! अगं, तू बोळात काय करतेयस?"

"इस्त्री!" उना म्हणाल्या. "नाकाला मलम लावतेस की नाही गं? आणि मोजे? सहा आठवड्यांचे मोजे घेतलेस का?"

"घेतलेत गं! नॅन, लॅपटॉप एकदम झकास दिसतोय. कोणी केला?"

नेव्हिल भिंतीला चिकटला. आता सगळं बाहेर येणार!

"नेव्हिलने केला," उना म्हणाल्या. "पंधरा मिनिटांत."

नेव्हिल हळूच अंगणात निघून गेला आणि तारेवर वाळत घातलेल्या, भांडी पुसायच्या फडक्याने त्याने तोंड पुसलं. आतून पाऊण तास दोघींचं हसणं ऐकू येत होतं. शेवटी शेवटी हसणं थांबलं, उना हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, आणि मग पुन्हा दोघी हसल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा डोळे ओले होते, पण चेहरा उजळला होता.

"हा डेस्कटॉप हरला होता म्हणालास ना? वॉलला आवडला असता. जन्मभर त्याने हरणाऱ्यालाच मत दिलं." मग त्यांनी कमरेवर हात ठेवले. "आणि माझं मत का बाद केलंत? कोस्टासने सांगितलंय मला."

"तुमचं... ते तुम्ही टाकलंत?"

"शुक्रवारी वॉलच्या सुतारकामाच्या पटाशा शेडला द्यायला आले होते. यादीत त्याचं नाव दिसलं. कोस्टासला म्हटलं, दे एक पत्रिका. बिचारा नाही म्हणेना, नुसता रडायला लागला."

"त्यावर आकडे नव्हते," नेव्हिल खाली बघत म्हणाला. "ग्रेमचा नियम आहे."

"पुढच्या वेळी घालीन आकडे. आणि ग्रेमला सांग, इतक्यात वॉलचं नाव यादीतून काढू नकोस."

पुढच्या शुक्रवारी नेव्हिलने शेडमध्ये सगळं सांगितलं, चारशे ओळींच्या यादीसकट.  उभ्या हयातीत ज्याने एक स्वल्पविरामही नियमाबाहेर जाऊ दिला नव्हता, त्या ग्रेमने मतदार यादी काढली, पेन्सिलीला टोक केलं, आणि वॉल्टर हॅझल या नावावर काट मारण्याऐवजी त्याच्यापुढे नीटस अक्षरांत लिहिलं, 'पत्ता बदलला.'

नेव्हिलने ते वाचलं आणि तो काहीच बोलला नाही. घरी गेल्यावरही बोलला नाही, जेवतानाही नाही. शेवटी जॉयने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.